‘हू-विच’चा फापटपसारा आवरणाऱ्या सबनीसबाई

मिल्टनला सबनीसबाईंच्या बेसमेंटमधल्या इंग्रजीच्या वर्गात मी पहिल्यांदा उतरलो, तेव्हा कॅनडात राहायचं की नागपूरला परतायचं, हेच ठरत नव्हतं. वर्क परमिट संपत आलं होतं. पीआरसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाचे गुण हवे होते आणि तिथेच माझं घोडं अडत होतं. बाईंनी माझा निबंध वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “अरे, तुझं वाक्य संपेपर्यंत माझा चहा गार झाला!”

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या शिकवण्याविषयी लिहायचं, तर त्या वाक्यापासूनच सुरुवात करायला हवी. मी लिहिलं होतं, ‘द पीपल हू आर लिव्हिंग इन द हाउसेस विच वेअर बिल्ट निअर द स्टेशन’.

“हेच मराठीत सांग.”

“स्टेशनजवळ बांधलेल्या घरांत राहणारे लोक.”

“बघ, घरच्या भाषेत किती सुटसुटीत बोलतोस! मग इंग्रजीतच हा ‘हू-विच’चा फापटपसारा कशाला?”

त्यांनी खाली लिहिलं, ‘द पीपल लिव्हिंग इन द हाउसेस बिल्ट निअर द स्टेशन’. ‘राहणारे’, ‘बांधलेल्या’ अशा रूपांचं ‘धातुसाधित’ हे नाव ऐकूनच मला पळावंसं वाटे. पण ती गोष्ट मी जन्मभर बोलतच आलो होतो. इंग्रजीच्या वर्गात मराठी कशाला, असं म्हणणाऱ्यांना बाईंचा हा खाक्या रुचत नसे. बाईंनी त्यांची कधी पर्वा केली नाही. पुढे मला चेव आला आणि मी दिसेल तिथे कात्री चालवू लागलो, तेव्हा मात्र त्या रागावल्या. “छाटायला सांगितलं होतं, उपटायला नाही!”

परीक्षेच्या दिवशी बर्फ पडत होतं आणि माझ्याकडे गाडी नव्हती. बाई स्वतः घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्याने उपसून मला न्यायला आल्या आणि पेपर संपेपर्यंत पार्किंगमध्येच बसून राहिल्या.

“बाई, घरी जायचं ना!”

“घरी माझं लक्ष लागलं असतं का?”

पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलं नाही. डब्यातला गरम वरणभात तेवढा पुढे केला.

हवे तेवढे गुण मिळाले. मी लगेच फोन केला. “बाई, आता परत जावं लागणार नाही.” त्या म्हणाल्या, “थांब रे, जरा रडून घेते.”

बाईंची तब्येत अशीच ठणठणीत राहो आणि त्यांना उदंड आयुष्य लाभो. हे मागणं नुसतं आदरापोटी नाही, त्यात माझा स्वार्थ आहे. आईवडील नागपूरला आहेत. इथे काही चांगलं घडलं, की धावत जाऊन सांगावं असं माझं माणूस म्हणजे बाईच आहेत.