सोललेल्या पऱ्हाटीचा कागद

हातात आलेला कुठलाही कागद सर आधी कोपऱ्यात फाडून पाहत. लग्नाची पत्रिका असो, भज्यांचा पुडा असो, नाहीतर एसटीचं तिकीट. फाटलेली कड उन्हासमोर धरायची, तिथले केसासारखे धागे निरखायचे आणि म्हणायचं, "गवताचा आहे. जीव नाही." माझ्या नातीची पत्रिका त्यांनी अशीच फाडली, तेव्हा मी म्हटलं, "सर, लगन तरी होऊ द्या." एकाच गोष्टीच्या मागे लागलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर रागावून उपयोग नसतो.

दिग्रसला तेव्हा कापसाचे दिवस वाईट होते. बोंडअळी पडलेली, भाव पडलेला, जिनिंग महिना-महिना बंद. तिथे कापसातला कचरा वेचणाऱ्या आम्ही नऊ जणी घरी बसलो होतो. त्याच वेळी सरांनी गावाबाहेर एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली. यवतमाळच्या एका कॉलेजात ते कागदावर संशोधन करत. कापूस वेचून झाला की शेतात वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, उभी राहते. लोक ती चुलीत घालतात, नाहीतर शेताच्या धुऱ्यावर पेटवून देतात. तिचाच कागद करायचा, तोही सालीसकट, असं सरांच्या डोक्यात होतं. "बोंडाला नाही तर काडीला तरी भाव येईल, मावशी," असं ते मला म्हणत.

आम्ही पऱ्हाटी भिजवायची आणि तुकडे करायचे. सर ते सोड्याच्या पाण्यात शिजवत, लगदा कुटून हौदात सोडत आणि जाळीच्या चौकटीवर एकेक कागद उचलत. पहिला कागद दोरीवर वाळला तो तपकिरी, वर काळे ठिपकेच ठिपके. मी म्हटलं, "सर, ह्याले त गोवर निघाला." बाया हसल्या, सर हसले नाहीत. त्या दिवशी त्यांचा डबा न उघडताच परत गेला.

आठवड्यातले दोन दिवस ते कागद तपासायला यवतमाळला जात. भिजलेल्या पऱ्हाटीची साल नखाने सुटते. घाण दिसली की काढायची, ही आमच्या हातांची जुनी सवय. आठवड्याभराचे तुकडे आम्ही त्याच दोन दिवसांत करून पोत्यात भरून ठेवत असू; सर नसताना आता साल सोलून करू लागलो. लपवून केलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं वाटलंच नाही. कागद साफ निघू लागला. सरांना वाटलं, सोड्याचं प्रमाण जमलं. आम्हाला वाटलं, आमचं काम पसंत पडलं. त्यांनी पेढे वाटले, वही भरून लिहिलं. मग कॉलेजातले मोठे साहेब शेड पाहायला येणार असं ठरलं. त्यांच्या मनास आलं तर मोठं यंत्र येणार होतं. सरांची तीन वर्षांची मेहनत मार्गी लागणार होती आणि आम्हालाही काम राहणार होतं.

आदल्या दिवशी पाहुण्यांच्या चहाचं सांगायला सर माझ्या घरी आले आणि अंगणातल्या वालाच्या मांडवापाशी थांबले. मांडवाचे बांबू पऱ्हाटीच्या सालीने बांधलेले होते.

"मावशी, ही साल कुठली?"

"शेडमधली. फेकून कायले द्याची?"

"कोणी काढली?"

"आमीच. संक्रांतीपासून काढून राह्यलो."

"सगळ्या काड्यांची?"

"मंग? अर्धं काम कायले करू?"

सर ओट्यावर बसले. चहावर साय धरली तरी कप उचलेनात. मी म्हटलं, "उद्या सांगू नका जी. कोणाले समजते?"

"कारखान्यात रोज गाड्या भरून काड्या येतील. एवढं कोण सोलेल?"

"आमी सोलू नं. आमाले दुसरं काय काम हाय?"

ते कप तसाच ठेवून उठले. रागावले असते तर मलाही चार शब्द बोलता आले असते.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. साफ कागद हातात घेऊन एकाने "वा!" म्हटलं. सर लगेच म्हणाले, "हा सोललेल्या काडीचा. सालीसकटचा हा," आणि ठिपक्यांचा कागद पुढे ठेवला. "लक्ष ठेवणं माझं काम होतं. मी ठेवलं नाही." आमचं नाव घेतलं नाही. साहेबांनी चहा घेतला आणि गेले. यंत्र आलं नाही. सरांनी तेवढा एक दिवस गप्प बसायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. सालीचं मागाहून पाहता आलं असतं.

शेड सोडण्याआधी त्यांनी एक शेवटचा घाणा लावला, सालीसकट. या वेळी यवतमाळला गेले नाहीत. स्टूल घेऊन आमच्यासमोर बसले. माझा अंगठा आपोआप सालीखाली जाई.

"मावशी, हात."

मी हात काढून घेई. थोड्या वेळाने पुन्हा, "मावशी, हात." दुपारपर्यंत हेच चाललं.

ते कागद पहिल्यापेक्षा जरा बरे निघाले, पण ठिपके होतेच. तेवढाच गठ्ठा घेऊन सर एसटीत बसले. साफ कागदांचं विचारलं तर म्हणाले, "ते तुमचे आहेत." पुढे ते दिग्रसला आले नाहीत. कागद आम्ही नऊ जणींनी वाटून घेतले. माझ्या वाट्याचे मी पापडाच्या डब्यात तळाशी अंथरले.