भावोजींचं फिकट शेवाळ

शेवाळ पाहून पाय घसरण्याऐवजी ज्याचा जीव जडला, असा माणूस उभ्या रत्नागिरीत एकच झाला, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. आमच्या ह्यांचे मित्र, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मी त्यांना भावोजी म्हणे. लग्नाला गेले की मांडवाआधी यजमानांची विहीर बघणार. पावसला आंबे आणायला धाडलं, तर हिरव्या पाण्याची बाटली भरून आणणार आणि आंबे विसरणार. मिरकरवाड्यात डबक्यावर ओणवे झालेले पाहून एक मासेवाली म्हणाली होती, "मास्तरानू, म्हावरं सोडून पाणी काय न्हेताव?" तर तिलाच अर्धा तास शेवाळाची महती ऐकावी लागली.

पंच्याऐंशी-शह्याऐंशी साल असेल. शेवाळाच्या पेशीत हरितलवक असतं, उन्हावर अन्न शिजवणारं, आणि त्याची स्वतःची जनुकं असतात, हे मला भाजी निवडता निवडता समजलं. जनुकाची नक्कल, म्हणजे आरएनए, निघाली तरी तिच्यावरून प्रथिन बनेलच असं नाही म्हणे. "वहिनी, नकलेच्या सुरुवातीला एक तुकडा असतो. त्याचं प्रथिन होत नाही, पण पुढचं वाचायचं की नाही ते तोच ठरवतो. मुंबईहून दिरांचं पत्र आलं की वरच्या चार ओळी मनात वाचून तुम्ही ठरवता ना, पुढचं सासूबाईंना वाचून दाखवायचं की नाही? तस्सं!" त्यांच्याकडे एका बरणीत फिकट शेवाळ होतं. त्यात हाच तुकडा बिघडलाय, असा त्यांचा संशय. तपासायची यंत्रं इथे कुठली? मोठ्या मिनतवारीनंतर मुंबईच्या एका प्रयोगशाळेने 'नमुना आणा' असं कळवलं.

नेमकं तेव्हाच त्यांना बायकोसह चार दिवस अलोऱ्याला बहिणीकडे जावं लागलं. काळ्या फडक्यात गुंडाळलेली बरणी माझ्या कपाटात ठेवून गेले. फडकं कशाला, हे सांगायचं त्यांना सुचलं नाही आणि विचारायचं मला. मे महिना होता, अंगणात आंबापोळीची ताटं वाळत होती. मी फडकं सोडून पाहिलं, तर बिचारं पिवळं पडलेलं. उन्हाला लावलं की सगळं सुधारतं, ही आमची कोकणातल्या बायकांची श्रद्धा. दोन दिवस बरणी ताटांशेजारी ठेवली.

भावोजींनी परत आल्यावर बरणी हातात घेतली. आत नुसतं पांढुरकं पाणी. "त्याला उजेड सोसत नाही हो," एवढंच म्हणाले. मग आंबापोळीचा तुकडा मागून खाल्ला आणि छान झालीय म्हणाले.

तसं शेवाळ त्यांना पुन्हा मिळालं नाही. पुढे परदेशात कुणाला असले तुकडे सापडल्याचं वाचून, ते मासिक दाखवायला माझ्याकडेच धावत आले होते. मी चहा ठेवला.

भावोजी वारल्यावर त्यांची बायको म्हणाली, "मुंबईला ह्यांनी काय कळवलंनी, ठाऊक आहे? माझ्याच हलगर्जीपणाने नमुना गेला, म्हणून. तुमचं नाव नाही घेतलंनी हो."

त्यांनी माझी लाज राखली, आणि मी ती खुशाल राखू दिली. दोन दारांत वीस पावलांचं अंतर होतं, तेवढं चालून मी कधी माफी मागितली नाही.