कुंदाबाईंनी दगड टाकून घेतलेलं दार

लोखंडाच्या दुकानात लोक पैसे घेऊन जातात, मुक्ताईनगरकडच्या कुंदाबाई दगड घेऊन गेल्या. चांगला कलिंगडाएवढा दगड. पिशवीचे बंद तुटायला आले, तरी जळगाव येईपर्यंत एसटीत त्यांनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून हा दगड कुंदाबाईंनीच घरावर चढवला होता. अख्खं गाव चढवतं. एका उन्हाळ्यात वादळ आलं, पत्रा उलटला आणि दगड खाली झोपलेल्या नवऱ्याच्या, लीलाधरभाऊंच्या, पायावर पडला. पाय कायमचा अधू झाला. भाऊंनी त्यावरून बायकोला एका शब्दाने दुखावलं नाही, आणि कुंदाबाईंना तेच जास्त लागायचं. आता वादळात या माणसाला पळणं जमणार नव्हतं. म्हणून घरातच एक पक्की खोली बांधायला काढली. भिंती झाल्या, स्लॅब पडला, दार तेवढं राहिलं होतं.

दुकानदार लोटननाना धरणगावचे. दगड बघून त्यांना हसू आवरेना. "दगड कसाले लयनात, अक्का?"

"ज्यानं घात केला, त्यालेच पारख करू दे," कुंदाबाई म्हणाल्या.

दारासाठी त्यांचा डोळा भंगारातून आलेल्या एका जाडजूड बिडाच्या प्लेटीवर होता. माहेरून आणलेल्या बिडाच्या तव्यावर उभा जन्म भाकरी भाजलेली. बीड म्हणजे मजबूत, हे डोक्यात पक्कं बसलेलं. नानांनी प्लेट दोन विटांवर आडवी ठेवली. दगड आदळला आणि प्लेटीचे सरळ दोन तुकडे! कुंदाबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. बिडाचा तवा हातातून निसटला की फुटतोच, हे काय त्यांना कुणी सांगायला हवं होतं?

"दुकानमा फुटनी तेच बरं व्हयनं," नाना म्हणाले. प्लेट गळ्यात मारून मोकळे झाले असते तर कोण विचारणार होतं? कुंदाबाई हे उपकार आजही चारचौघांत सांगतात. मग नानांनी साध्या लोखंडाची जाड प्लेट मांडली. तिला दगडाने पोचा पडला, बस्स.

"हाई वाकी, पन फुटाव नही."

त्याच लोखंडाचं दार खोलीला बसलं.

यंदा जूनच्या तोंडावर वादळ आलं. बागेतली केळी आडवी झाली, घरावरचे पत्रे गेले. दोघं खोलीत बसून होते. तेवढ्यात शेजारच्या शेडचा खांब उडून दारावर आदळला. दार आतल्या बाजूला फुगलं, पण फाटलं नाही, कडीही निघाली नाही.

वारा पडल्यावर लीलाधरभाऊ त्या फुगवट्यावरून हात फिरवत राहिले. मग जळगावहून परत आणून कोपऱ्यात ठेवलेल्या दगडाकडे पाहून म्हणाले, "कुंदा, तुह्या दगडानं वाचवलं आपल्याले."

बाग गेली तरी न रडलेल्या कुंदाबाई तेव्हा हमसून हमसून रडल्या.