माळावरची शर्यत आणि हुग्गीची पंगत

भूमच्या बसस्टँडसमोर माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि त्याला लागून गौरीशंकर कोरेचं गॅरेज. तालुक्यातल्या निम्म्या जीपगाड्या त्याच्या हाताखालून गेल्यात. पण त्याला नुसता मिस्त्री म्हटलं की माझं डोकं फिरतं. गौरीशंकर रॅलीचा ड्रायव्हर आहे. होता, म्हणायला हवं. नाशिक असो, चिकमगळूर असो, जिथं रॅली भरेल तिथं हा जुनी जिप्सी घेऊन हजर, आणि शेजारच्या सीटवर हेल्मेट घालून बायको, महानंदा. पुढचं वळण केवढं, खड्डा कुठं, हे ती ओरडून सांगायची आणि हा तिच्या शब्दावर गाडी झोकून द्यायचा. दोनदा आपल्या गटात पहिला आला. मी ही बातमी गावभर सांगितली, तर एकानं विचारलं, "मग ट्रॅक्टर घावला का बक्षीस?"

या खेळाचं दुखणंच तसं आहे. गाड्या एकदम सुटत नाहीत. एक सुटते, मग थोड्या वेळानं दुसरी. माणसानं उन्हात ताटकळायचं आणि बघायचं काय, तर धुळीचा लोट. कोण पुढं, कोण मागं, ते फक्त घड्याळाला ठाऊक. बघणारे नाहीत म्हणून गाडी कंपन्या पैसा घालत नाहीत, कंपन्या नाहीत म्हणून टीव्हीवर दिसत नाही, आणि टीव्हीवर दिसत नाही म्हणून बघणारे नाहीत. गौरीशंकरच्या डोळ्यांदेखत एकेक कंपनी अंग काढून गेली. बापाच्या जिवावर खेळणारे तेवढे टिकले.

अशात एका कंपनीच्या मंजुषा मॅडम त्याला म्हणाल्या, "तुमच्या भागात एक लहान रॅली भरवा. माणसं जमतात एवढं मला दाखवा, पुढच्या मोसमाला गाडी आमची." गौरीशंकर चव्वेचाळिशीला आलेला, जिप्सी पार खिळखिळी झालेली. "ही गाडी मिळाली तर मिळाली," तो मला म्हणाला, "न्हायतर आपलं संपलं बघ, बब्रुवान."

माणसं कशी जमवायची? त्याचे चुलते वीरप्पाकाका म्हणाले, "जेवण हाय म्हणलास तर लोक इचारतील, कोण उभारलाय निवडणुकीला? प्रसाद म्हण. सिद्धेश्वराचा महाप्रसाद. मग बघ."

आम्ही तेच केलं. रिक्षावर भोंगा लावून तालुकाभर फिरलो: माळावर गाड्यांची शर्यत, शर्यतीनंतर गव्हाच्या खिरीचा, म्हणजे हुग्गीचा, महाप्रसाद. आणि माणसं आली. टेंपो भरभरून आली, लेकराबाळांसकट आली. मॅडम कॅमेरावाला घेऊन टेकाडावर उभ्या राहिल्या आणि ती गर्दी बघून हसल्या. गौरीशंकरचे डोळे भरून आले होते. त्यानं माझा खांदा दाबला आणि महानंदाला घेऊन तो माळाच्या पार पलीकडं, गाड्या सुटायच्या जागी निघून गेला. मी झेंडा आणि वॉकीटॉकी घेऊन मोठ्या वळणावर थांबलो.

रॅलीचा एक नियम असा की अँब्युलन्स जागेवर आल्याशिवाय पहिली गाडी सोडायची नाही. आमची अँब्युलन्स वाटेत एका अपघातातल्या पेशंटला घेऊन धाराशिवला गेली. तिला तरी काय बोलणार? दुसरी बार्शीहून निघाली. ऊन डोक्यावर आलं, लेकरं रडायला लागली, हुग्गीच्या कढया निवायला लागल्या. वीरप्पाकाका उठले.

"पैली पंगत बसवून घेऊ."

"काका, थांबा जरा. गाड्या आता सुटतीलच."

"अरं, प्रसाद शिजला की देवाचा झाला. त्येला थांबवणारे आपण कोण? लेकरं उपाशी हायती."

वळणालगतच पानं मांडली गेली. पंगती बसल्या. गाड्यांची धूळ पानात पडायला नको म्हणून शहाणी माणसं रस्त्याकडं पाठ करून बसली. लांबच लांब पंगती, सगळ्या पाठमोऱ्या. वाढपी फिरले, "हर हर महादेव" झालं, पहिला घास तोंडात गेला आणि माझा वॉकीटॉकी खरखरला. अँब्युलन्स पोचली होती. पहिली गाडी सुटली होती. गौरीशंकरची.

मी पंगतीतून वेड्यासारखा पळालो. "उठा, गाडी आली! अहो, उठा!"

"प्रसाद टाकून उठू व्हय?" पंगतीतल्या म्हाताऱ्या धुरपदाबाई माझ्यावरच खेकसल्या. "काय डोस्कं हाय का तुला?"

त्यांचं काय चुकलं? आमच्यात वाढलेल्या प्रसादावरून कुणी उठत नाही. मला ठाऊक होतं, गौरीशंकरला ठाऊक होतं. लिंगायताच्या घरात जन्मलेली आम्ही माणसं, आणि लोकांना बोलवायला आम्हाला नेमका प्रसादच सुचला.

जिप्सी आली. मी पुष्कळ रॅल्या पाहिल्यात, पण त्या वळणावर त्यानं गाडी जशी आडवी टाकली आणि कडेच्या दगडाला न शिवता जशी सरळ काढली, तसं मी पुन्हा पाहिलं नाही. आतून महानंदाचं ओरडणं ऐकू आलं. पंगतीतल्या बायकांनी पानांवर पदर धरले. मान एकानंही वळवली नाही. टेकाडावरचा कॅमेरा ते सगळं टिपत होता.

मॅडम वाईट बाई नव्हत्या. जाताना त्याही पंगतीत बसून हुग्गी जेवल्या. मला एवढंच म्हणाल्या, "दादा, ही इतकी माणसं, आणि सगळ्यांच्या पाठी. मी वर साहेबांना काय दाखवू?" पुढं त्यांचा फोन आला. कंपनीनं तो पैसा क्रिकेटच्या कुठल्याशा स्पर्धेला दिला होता.

त्या दिवशी मात्र गौरीशंकर हेल्मेट काखेत मारून पंगतीपाशी आला तेव्हा सगळे केवढे खूश होते! "झाली का शर्यत? बस, बस, पान वाढा ह्येला." वीरप्पाकाकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझ्यासाठीच आलो की रं समदे."

"खरंच माझ्यासाठी आली रे," तो नंतर मला म्हणाला. "म्हणून तर कुणावर चिडता येत न्हाय." आणि गॅरेजच्या पायरीवर बसून तो लहान पोरासारखा रडला. मी तरी काय सांगणार होतो, पुढच्या वर्षी बघू म्हणून?

जिप्सी एका दूधवाल्यानं नेली. महानंदा आता माहेरी जाते ती एसटीनं. घाटात वळण आलं की तिचे ओठ हलतात, असं गौरीशंकरनंच मला सांगितलं.

प्रसाद मात्र लोकांना आवडला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी गावानं वर्गणी काढून माळावर पुन्हा प्रसाद केला. आता दरवर्षी होतो. मांडव पडतो, भोंगे लागतात, गौरीशंकरला फेटा बांधून नारळ फोडायचा मान देतात. तोही जातो.

यंदा धुरपदाबाईंच्या नव्या नातसुनेनं पंगतीत विचारलं, "आजी, हितं देऊळ न्हाय, काय न्हाय. मग प्रसाद ह्या माळावरच का वं?"

"पैल्यापासून हितंच हाय, बाई," धुरपदाबाई म्हणाल्या.

गौरीशंकर त्याच पंगतीत, हाताच्या अंतरावर बसला होता. त्यानं ते ऐकलं, मान खाली घातली आणि पानातली हुग्गी संपवली.