पाझरणारं इंजिन

संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. सकाळी कॉमर्स कॉलेज आणि दुपारी शेतीपंपाची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात कारकुनी, असा माझा दिवस जायचा. दोन्हीकडं कारखान्याच्या मालकांशी गाठ. दर शनिवारी ते कॉलेजात येऊन आम्हाला व्यापारातली नीती शिकवायचे. हजेरी घेत नसत, म्हणून आम्ही खूश. नीतीच्या गप्पा भरल्या पोटीच सुचतात, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

त्या उन्हाळ्यात गारगोटीकडचे एक शेतकरी इंजिन न्यायला आले. नेमकं त्यांच्याच इंजिनाच्या ओतकामात बारीक छिद्र राहिलं होतं आणि चाचणीत पाणी पाझरलं. फोरमननं ते छिद्र लांबीनं बुजवून वर रंग मारला. मालकांनी शेतकऱ्याला जवळ बोलावलं आणि रंग नखानं खरवडून ती जागा दाखवली. दुसरं इंजिन तयार व्हायला पंधरवडा लागणार होता.

"चालतंय की मालक, द्या तसंच," ते काकुळतीला आले. "ऊस करपाय लागलाय. बंद पडलं तर तुमास्नी बोल लावणार न्हाय."

"त्येच नको हाय मला," मालक म्हणाले. "मागून नेलंय म्हणून परत यायला लाजशीला, पावणं."

मला त्यांचा रागच आला. गिऱ्हाईक डोळसपणे मागतंय, मग यांचं काय जातंय? तेवढ्यात मालकांनी कारखान्याचे लेथ फिरवणारं आमचंच इंजिन उतरवायला सांगितलं. फोरमन बघतच राहिला. संध्याकाळी ते मालमोटारीत चढलं आणि त्याच्या जागी पाझरणारं बसलं. मग काय विचारता! ते घटकाभर चालायचं आणि रुसायचं, कामगार विड्या ओढत बसायचे. एक मोठी ऑर्डर वेळेत पुरी झाली नाही आणि हातची गेली.

शनिवारी वर्गात मी मुद्दाम उभा राहिलो. "सर, गेल्या आठवड्यात आपण इंजिन बदलून दिलंत. त्यात आपला फायदा काय झाला?"

सचोटीनं नाव होतं, नावानं धंदा वाढतो, असं काहीतरी ते सांगतील असं मला वाटलं होतं. परीक्षेत आम्ही तेच लिहायचो. ते तसं म्हणाले असते, तर मी त्यांना फक्त हुशार समजलो असतो. त्यांच्या उत्तरानंतर मात्र हा माणूस मला मनापासून आवडला, तो आजतागायत.

"फायदा न्हाई झाला," ते म्हणाले. "नुकसान झालं. होणार हे मला इंजिन देतानाच ठाऊक होतं. लिहून घ्या."