बिनभोंग्याचा बार

आमच्या गावात जमीन हादरली की कुणी घाबरत नाही, शिवी देतं. गावामागच्या टेकडीत दगडाची खाण आहे आणि रोज दुपारी बाराच्या सुमाराला तिथं सुरुंग उडवतात. आम्ही त्याला बार म्हणतो. आधी भोंगा वाजतो. मग मांडणीवरची भांडी वाजतात, कौलांतून धूळ खाली येते. भोंगा ऐकला की आई भाताच्या टोपावर झाकण टाकते आणि खाणवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. मी लग्न होऊन मुरबाडला गेले, पण अजून दुपारी बारा वाजले की माझा हात उगाच झाकण शोधतो.

त्या मंगळवारी माझं दुकान बंद होतं म्हणून मी माहेरी वाल न्यायला आले होते. माझं दुकान म्हणजे मुरबाडच्या बाजारपेठेतला एक गाळा, झेरॉक्स आणि टायपिंगचा. गाव आमचं माळशेजच्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडच्या फाट्यानं आत गेलं की लागतं. सकाळचे नऊ वाजले असतील. आई न्हाणीत होती, मी ओटीवर शेंगा सोलत होते आणि बाबा बैलाला पाणी पाजत होता. भांडी वाजली. मी म्हटलं, आज नऊलाच? तर ती वाजायची थांबेनात. बारा वाजताचा बार एकदा दणका देतो आणि संपतो. हा घुमत राहिला. दाराची कडी आपोआप आपटायला लागली, बैलानं दावं ताणलं आणि आमच्या घराच्या मागच्या अंगाची पाच-सहा कौलं धाडधाड खाली आली.

"बार केला मेल्यांनी!" आई न्हाणीतनं ओरडली. "भोंगा नाय का काय नाय! त्यांचा मुडदा बसवला!"

सगळं गाव हेच म्हणत होतं. भूकंप हा शब्द एकाच्याही तोंडात आला नाही. कसा येईल? तो टीव्हीतला शब्द. लांबच्या लोकांचा. आमच्याकडे हादरा येतो तो खाणीतून, आणि आज त्यांनी भोंगा न वाजवता बार केला म्हणजे कमालच झाली. पंधरा-वीस माणसं टेकडीकडे निघाली, पुढं बाबा. मीही गेले, हातात शेंगांची टोपली तशीच. वर पोचलो तर खाणीतली माणसं मोकळ्यात घोळका करून उभी. त्यांचा मुकादम पांढराफटक पडला होता.

"आमी नाय केला हो," तो म्हणाला. "आज तर सुरुंगात दारू भरलीच नाय."

"मग काय तुझ्या बापानं केला?" बाबानं विचारलं.

तेवढ्यात एका पोराच्या मोबाइलवर मेसेज आला, मग दुसऱ्याच्या, मग सगळ्यांच्याच. भूकंप. शहापुरापर्यंत जाणवला, जीवितहानी नाही. मुकादम तो मेसेज मोठ्यानं दोनदा वाचून दाखवायला लागला, जणू त्याला परीक्षेत पास केलं होतं. आमची माणसं एकमेकांकडे बघून हसायला लागली. भूकंपाशी भांडायला आलो होतो आम्ही! मीही हसले. बाबा हसला नाही. उतरताना तो एकदाच बोलला.

"आता समदा भूकंपाच्या नावावर टाकतील."

त्याचा अर्थ मला तिथंच कळला, कारण बाबाचे सगळे अर्ज मीच टाइप केले होते. आमच्या घराची मागची भिंत खाणीच्या बाजूला आहे. वीट मातीत बसवलेली, जुनी. बार सुरू झाल्यापासून तिला भेगा पडायला लागल्या आणि त्या भिंतीला लागूनच आई झोपते, कारण पलीकडे न्हाणीची चूल आहे आणि तिच्या गुडघ्यांना ऊब लागते. ती जागा तिला सुटत नाही. एक दिवस ही भिंत तिच्यावर येणार, एवढीच बाबाची धास्ती. पैसे नकोत, भरपाई नको, बार टेकडीच्या पलीकडच्या अंगाला न्या. पाच वर्षं तो हेच लिहून देत होता. मी टाइप करायची, तो दर वेळी शेवटी "कळावे" लिहायला लावायचा आणि कुणालाही काही कळायचं नाही.

पुरावा काय, असं तहसील कचेरीत विचारलं तेव्हा एका गवंड्यानं त्याला युक्ती सांगितली. भेगेवर आडवा कागद चिकटव, भेग वाढली की कागद फाटेल. बाबानं ते मनावर घेतलं. रोज पान फाडायचं कॅलेंडर असतं ना, त्यातलं त्या दिवसाचं पान तो मैद्याच्या खळीनं भेगेवर चिकटवायचा आणि पोलीस पाटलाला बोलावून त्यावर सही घ्यायचा. पान फाटलं की ते तसंच ठेवून शेजारी नवं. पाच वर्षांत भिंतीवर तारखाच तारखा झाल्या. सगळ्या फाटलेल्या, सगळ्यांवर सही. पाहुणे आले की मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? पण त्या कागदांमुळेच शेवटी कचेरीतून पत्र आलं की साहेब पाहणीला येतील, आणि पाहणीत खरं ठरलं तर बार बंद होईल. पत्र आलं आणि आठ दिवसांत हा भूकंप.

"टाकू देत भूकंपाच्या नावावर," मी म्हटलं. "तुझे कागद हायेत ना. भूकंप मंगळवारचा, कागद पाच वर्सांचे."

बाबाचा चेहरा सुटला. "हां," तो म्हणाला. "कागद हायेत." घरी जाऊन त्यानं एकेक पान हात लावून तपासलं. सगळी जागेवर होती.

त्यांचे फोटो काढून ठेवावेत हे मला सुचलं नाही. दिवसभर जगाच्या कागदांच्या नकला काढते मी! शाळेचे दाखले, सातबारे, आधार कार्डं, पाठपोट, सगळं. घरच्या भिंतीची एक नक्कल काढायचं माझ्या डोक्यात आलं नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

साहेब शुक्रवारी येणार असं ठरलं. बाबा सकाळी पहिल्या एसटीनं मुरबाडला आला, त्यांना घेऊन यायला. तो कचेरीच्या पायरीवर बसून राहिला आणि मी दुकान उघडलं, कारण ते बारानंतर निघणार होते. कसली तरी भरती निघाली होती, दुकानात पोरांची ही रांग. त्यात आईचा फोन.

"सायब येनार तर घर आवरून ठेवू का गो?"

"ठेव की! विचारतेस काय?" म्हटलं आणि फोन ठेवला.

चूक एवढीच झाली. माझ्या भाषेत आवरणं म्हणजे अंथरुणं उचलायची, केर काढायचा, दोरीवरचे कपडे काढायचे. आईच्या भाषेत घरी मोठं माणूस येणार असेल तर आवरणं चुन्यापर्यंत जातं. भाचीला बघायला आले तेव्हा तिनं चुना मारला होता, सत्यनारायणाला मारला होता. दारी मोठं माणूस आलं आणि भिंत काळी दिसली तर घरच्या बाईचं नाक कापलं जातं, हे तिला तिच्या आईनं शिकवलंय. इथं तर साहेब साक्षात भिंत बघायला येणार होते. मग ती काय करणार? मला कळायला नको होतं का? तिच्याच पोटची ना मी?

दोन वाजता आम्ही जीपनं निघालो. पुढं साहेब, मागं तलाठी, बाबा आणि मी. बाबानं धुतलेली टोपी घातली होती आणि सगळ्या रस्त्यानं तो साहेबांना कागद समजावून सांगत होता. "बघालच तुमी. एकेक तारीख लिवलेली हाये." साहेब मान डोलवत होते. माणूस चांगला होता. लाच खाणारा असता तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

दारात पाट मांडले होते, रांगोळी काढली होती, जमीन ओलसर सारवलेली. आई नवं लुगडं नेसून डोक्यावर पदर घेऊन उभी. तिच्या कोपरापर्यंत चुन्याचे शिंतोडे होते. आम्ही आत गेलो.

भिंत पांढरी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. बारीक भेगा बुजल्या होत्या आणि दोन मोठ्या भेगांत तिनं माती थापून वरून चुना दिला होता. तिथली माती अजून ओली असल्यामुळं त्या दोन रेघा तेवढ्या दिसत होत्या. कागद एकही नव्हता.

बाबा भिंतीजवळ गेला. त्यानं तळहात भिंतीला लावला, तो पांढरा झाला. मग त्यानं आईकडे बघितलं. मला वाटलं आता हा तिला मारतो. उभ्या आयुष्यात त्यानं तिच्यावर हात उचलला नाही, पण त्या क्षणी मला तसं वाटलं हे खरं आहे. त्यानं पांढरा तळहात धुतलेल्या टोपीला पुसला.

"आई, कागद कुठं गं?" मी विचारलं.

"कंचे?"

"भिंतीवरचे."

"ते व्हय. भिजवून काडले. निघता निघना बाई! न्हानीच्या चुलीत घातले." आणि साहेबांकडे बघून ती ओशाळी हसली. "कवाचे लटकत व्हते, साहेब. घान दिसत व्हता."

साहेबांनी त्या दोन रेघा बघितल्या, बोटानं चाचपल्या. "ताज्या आहेत," ते म्हणाले. "भूकंपानं गेलेल्या दिसतात."

"जुन्या हायेत, साहेब," बाबा म्हणाला. "पाच वर्सांच्या."

"असतील. पण मला जे दिसतं तेच लिहावं लागणार ना, बाबा?"

पोलीस पाटलाला बोलावलं. मी सह्या केल्यात, तो म्हणाला. कशावर, साहेबांनी विचारलं. त्यानं चुन्याकडे बोट दाखवलं. मग चहा झाला. साहेब निघताना आईला म्हणाले, "आजी, घर अगदी स्वच्छ ठेवलंय हो." आई लाजली. बाबानं पंचनाम्यावर सही केली.

जीप गेल्यावर तो मला गोठ्यात घेऊन गेला. "तिला सांगू नको," म्हणाला. "कागद कशाचे व्हते त्ये तिला ठाव नाय. मीच सांगितला नव्हता. भित अंगावर येनार म्हटला तर तिला झोप लागेल का? आदीच झोप नाय तिला."

पुढच्या आठवड्यात पंचनाम्याची प्रत झेरॉक्सला माझ्याच दुकानात आली. भेगा नैसर्गिक भूकंपामुळे, खाणकामाशी संबंध आढळत नाही. मी पाच प्रती काढल्या, टाचणी मारून दिल्या. खाणीला मुदतवाढ मिळाली. नवा अर्ज लिहू या, असं मी बाबाला दोनदा म्हणाले. "कशावर लिवतेस?" एवढंच तो बोलला आणि बैलाकडे गेला. गळून गेला माणूस. आता बार झाला की तो वर बघतही नाही.

आणि मी? मी तिला सांगितलं. बाबाला दिलेला शब्द मला महिनाभरही राखता आला नाही. मी घरी गेले होते आणि आई शेजारणीला तिसऱ्यांदा तेच सांगत होती, साहेब काय म्हणाले, घर कसं स्वच्छ म्हणाले. माझं डोकंच फिरलं. शेजारीण गेल्यावर मी सगळं ओकले. कागद काय होते, तारखा कशासाठी, सह्या कुणाच्या. साहेब काय लिहून गेले तेही. ही भिंत कुणावर पडणार आहे, तेही. तोंडाला लगाम नाहीच माझ्या. बोलून झाल्यावर मीच रडायला लागले.

आई रडली नाही. हातातलं सूप खाली ठेवून ती भिंतीजवळ जाऊन बसली. निजताना तिचं डोकं असतं त्या जागी चुन्याला पुन्हा बारीक तडा गेला होता.

"पाच वर्सं तुमी बापलेक ओटीवर बसून कागदांचं बोलायचा," ती म्हणाली. "मी च्या आनून द्यायची. मला वाटायचं, मला काय कळतंय त्यातला."

तिनं त्या तड्यावरून बोट फिरवलं.

"भितीशी मी निजते ना गो? मला सांगितला असता तर मी राखली नसती का कागदां?"