निळ्या काचेचे नाना डॉक्टर

फणसवाडीत निळ्या तोंडाची माणसं पाहायची असतील तर सकाळी नाना डॉक्टरांच्या माडीवर जावं. पूर्वेच्या खिडकीला त्यांनी निळ्या काचा बसवल्या होत्या, आणि मुरुमं-पुटकुळ्या घेऊन आलेल्यांना ते त्या उजेडात बसवून ठेवत. विलायतेच्या कुठल्याशा मासिकात त्यांनी हे वाचलं होतं. लोक वेडा म्हणत. नाना हसून सांगत, "म्हणू दे. ऊन फुकट आहे आणि वेडा स्वस्त आहे. दोन्ही वापरून घ्या."

मी तिथे गेले ती रडतच. प्रभादेवीला सासरी नांदायला जाऊन काही महिने होत नाहीत तोच माझं तोंड लाल फोडांनी भरलं. सासूबाईंनी ठरवूनच टाकलं, ही रक्तपिती, महारोग! माझं ताट वेगळं झालं, अंथरूण वेगळं झालं, आणि एके दिवशी मला माहेरी आणून सोडलं. माहेरीसुद्धा आई जपूनच जवळ येई. नानांनी मात्र सरळ माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं.

"कसली रक्तपिती! तारुण्यपीटिका आहेत या. वय आलं की येतात, वय गेलं की जातात. आपण जरा लवकर हाकलू."

माझ्या शेजारी एक कोळीण येऊन बसे. बाजारातल्या उन्हाने तिचे गाल काळे पडले होते. नाना तिच्यावर ओरडत, "तुला हे औषध नाही गं बाई! तुझ्या वाट्याचं ऊन तू केव्हाच खाल्लंस. सावलीत बस."

"मंग मासली कोन इकंल, तू?" ती विचारी.

दुसऱ्या दिवशी नाना तिच्यासाठी भली मोठी छत्री घेऊन आले.

माझे फोड हळूहळू सुकले, डाग तेवढे राहिले. आणि सासरहून निरोप आला: मुलाचं दुसरं लग्न ठरवतोय, मुलीला तिकडेच ठेवा. आईने डोळ्यांना पदर लावला. नाना असे भडकले की विचारू नका. वडिलांना आणि मला घोडागाडीत घालून भर दुपारी प्रभादेवीला घेऊन गेले.

सासूबाई नाकाला पदर लावून दारातच उभ्या राहिल्या. नानांनी अंगणातूनच विचारलं, "बाई, रक्तपितीच्या चट्ट्याला चटका कळतो का हो?"

"कुठला कळायला? आमच्या आळीतला एक बिचारा निखाऱ्यावर हात ठेवून बसला, तरी त्याला पत्ता नव्हता."

"मग बघा."

नानांनी खिशातून वाचायचं भिंग काढलं आणि ऊन गोळा करून माझ्या गालावरच्या सगळ्यात मोठ्या डागावर धरलं. मला आधी काही सांगितलं नव्हतं. मी "आई गं!" म्हणून अशी किंचाळले की शेजारच्या बायका धावत बाहेर आल्या. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला नानांचा भयंकर राग आला. पण सासूबाई नाकावरचा पदर सोडून पायऱ्या उतरल्या होत्या. "अहो, पोरीला जाळता की काय!" म्हणत त्यांनी माझा गाल ओंजळीत धरला आणि फुंकर घालू लागल्या. घालता घालता एकदम थबकल्या. मग घळाघळा रडल्या.

नानांनी भिंग खिशात घातलं. "पोरी, दुखवलं गं तुला," एवढंच ते म्हणाले. मी त्याच दिवशी सासरी राहिले.

पुढे गाठीच्या तापाची, प्लेगची साथ आली. लोक मुंबई सोडून पळत होते, आणि नाना ज्या घरांत कुणी पाऊल टाकत नव्हतं तिथे जात राहिले. व्हायचं तेच झालं. वडील निरोप घेऊन आले तेव्हा मी उठून विहिरीवर गेले. नात्याच्या माणसासाठी करतात तसं स्नान करायचं होतं मला. नानांचं माझं नातं काय, असं कुणी विचारलं असतं तर मी भांडलेच असते.

सासूबाईंनी माझ्या हातून दोर काढून घेतला. स्वतः पाणी शेंदून घागर माझ्या डोक्यावर ओतली. मग दुसरी शेंदली, आणि ती स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतली.